मिरबातेपलीकडील बुडीत गलबतावरील स्वारीची हकीकत

ईश्वराचे आणि दर्याचे स्मरण करोन, दोहींकडे सारखी मान तुकवोन, ही हकीकत लिहावयास घेतली आहे. घडले तैसे लिहिले. जेथे पराक्रम जाहला तेथे पराक्रम लिहिला, जेथे फजिती जाहली तेथे फजिती लिहिली, आणि जेथे दोन्ही एकदम जाहले तेथे लेखकाने कलम खाली ठेवोन चहा घेतला आणि मग पुढे लिहिले. सुज्ञांनी खोटे मानू नये.

ओमान मुलखाच्या दक्षिणेस ढोफार म्हणोन सुभा आहे, त्यात सलालाह नामे शहर, नारळीच्या बागा, केळी, पपया, सारे कोकणासारिखे, म्हणोन कोकणचा मनुष्य तेथे गेला की म्हणतो दोन वर्षे राहू आणि परत जाऊ, आणि मग पोरे मोठी होवोन लग्नास येतात तरी तो तेथेच असतो. ऐसेच भिकाजीराव मोंडकर, मूळ देवगडचे, बंदरातील क्रेनांच्या दुरुस्तीचे मुख्य, देहाने ऐसपैस आणि वाणीने त्याहून ऐसपैस. त्यांचे जिवलग जैनुद्दीनखान श्रीवर्धनकर, गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकानदार, बोलणे थोडे, परंतु जे बोलत ते भिकाजीरावांच्या उलट. या दोघांनी मिळोन एक जुनी फायबरची होडी घेतली, तिचे इंजिन ऐसे की तिसऱ्या हाकेस ओ देई. होडीस उभयतांच्या कुटुंबांचे नाव एकत्र जोडोन 'शीलानूर' म्हटले. परंतु शीलाबाईसाहेब काय किंवा नूरबानू बेगम काय, कोणीही त्या होडीत कधी बसली नव्हती. कारण होडीत जागा तिघांची, दोन जागा या दोघा सरदारांच्या, आणि तिसरी डब्यांची.

सलालाहच्या पूर्वेस मिरबात नामे गाव, त्याच्या पलीकडे किनारा आत वळतो आणि समुद्राचे पाणी जमिनीत शिरोन निवांत पडले आहे, त्यास तिकडील लोक खोर म्हणतात. मागे एका वादळात एक लाकडी गलबत त्या खोरात आसऱ्यास आले आणि तेथेच तळास बसले. माणसे सारी वाचली, खजूर मात्र गेला. पाणी उथळ, म्हणोन तुटक्या डोलकाठीची शेंडी सदा वर दिसे. त्या गलबताचा शोध घ्यावा ऐसा दोघा सरदारांचा थोर मनसुबा. दर शुक्रवारी सुट्टीस स्वारी निघे, शीलाबाईसाहेब पहाटे उठोन रसद सिद्ध करीत, आणि मग खोरच्या मुखाशी पोहोचताच सरदारांस भूक लागे, आणि मग डबे उघडत, आणि मग डोळे मिटत, आणि मग वारा उलटे, आणि मग शेंडीस दुरोनच मुजरा करोन स्वारी माघारी येई. घरी येवोन भिकाजीराव गलबताचे वर्णन करीत, आणि दर खेपेस ते गलबत दोन हात लांब होई. शीलाबाई म्हणत, मलाही एकदा दाखवा. त्यावर भिकाजीरावांचा ठरलेला कौल, पुढच्या शुक्रवारी. परंतु पुढचा शुक्रवार हा मोठा चपळ गनीम आहे, तो आजवर कोणाच्या हाती आलेला नाही.

ऐसे होता होता भिकाजीरावांची साठी भरली, आणि कंपनीने शाल, घड्याळ आणि विमानाचे तिकीट देवोन निरोप दिला. सोमवारचे विमान ठरले. घरातली भांडी खोक्यांत गेली. होडी मिरबातेच्या बखीत नामे कोळ्याने विकत घ्यावयाची, शनिवारी त्याच्या हवाली करावयाची, ऐसा करार जाहला. मध्ये एकच शुक्रवार उरला. तेव्हा गुरुवारी सकाळी शीलाबाईसाहेबांनी घावणा उलटता उलटता आज्ञा केली जे, उद्याच्या स्वारीत आम्ही जातीने येणार, गलबत डोळ्यांनी पाहणार, आणि मगच विमानात पाय ठेवणार. डब्यांस जागा कमी पडत असेल तर भिकाजीरावांनी घरी राहावे. हे फर्मान ऐकोन भिकाजीरावांस दरदरून घाम फुटला. कारण गलबत जवळून कसे दिसते हे त्यांसही ठाऊक नव्हते.

परंतु वचन दिलेले, तेही एकदा नव्हे. आता चुकले तर देवगडास जावोन उरला जन्म अंगणात बसोन टोमणे ऐकावे लागतील. टोमण्यांचे काही नाही, त्यांची सवय असते. परंतु ही बाई टोमणा न मारिता गप्प राहील, आणि ते गप्प राहणे मरेपर्यंत पुरेल, याचे भिकाजीरावांस खरे भय वाटले, आणि त्यांनी मनात गाठ बांधिली की काही झाले तरी या खेपेस हिला गलबत दाखवावयाचेच.

मग मसलत बसली. गलबतावर होडी न्यावयाची तर पाणी भरपूर पाहिजे, म्हणोन भरतीची वेळ काढणे प्राप्त. कोकणात हे गणित शेंबड्या पोरासही येते. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, तितके वाजता भरती पुरी. भिकाजीरावांनी भिंतीवरचे मराठी कॅलेंडर, जे बांधाबांधीतून वाचले होते, ते पाहिले, चतुर्दशी निघाली, पाऊणपट साडेदहा. जैनुद्दीनखानांसही हेच गणित आजोबांपासून आलेले, परंतु ते चाँद मोजीत, आणि ओमानात ज्या संध्याकाळी चाँद दिसला त्या हिशेबाने तेरावा, पाऊणपट पावणेदहा. पाऊण तासाची तफावत पडली. मग मोठी हातघाई जाहली, देवगडच्या थोर पुरुषांची आणि श्रीवर्धनच्या थोर पुरुषांची नावे निघाली, चहा तीनदा जाहला, आणि अखेरीस तह ठरला जे, दोहींच्या मध्ये, दहाच्या सुमारास, गलबतावर असावे, म्हणजे कोणाचाही शब्द बुडणार नाही आणि होडीही बुडणार नाही.

भिकाजीरावांच्या मोबाइलात त्या किनाऱ्याच्या भरती-ओहोटीचे अॅप होते, लेक प्रियांका हिने पुण्याहून घालोन दिलेले. परंतु दर्याकाठच्या घराण्याने यंत्रास पाणी पुसावे हे कमीपणाचे, म्हणोन ते उघडिले नाही. आता येथे लेखकास एक गोष्ट लिहिणे भाग आहे. ते गणित देवगड-श्रीवर्धनच्या पाण्याचे. ढोफारच्या दर्याने ते कधी ऐकिलेही नव्हते. तिथीने आणि चाँदाने, दोन्ही रीतींनी उभय सरदार सारखेच चुकले, आणि ऐसा सलोखा इतिहासात विरळा.

शुक्रवारी सकाळी कूच जाहले. जैनुद्दीनखानांची पिकअप, तीत पुढे तिघे दाटीवाटीने, मागे ट्रेलरावर शीलानूर, आणि तिच्या पोटात रसद, म्हणजे घावणे, भात, सुरमईचे तिखले, बाटल्यांतोन सोलकढी. नूरबानू बेगम, जैनुद्दीनखानांचे कुटुंब, यांस समुद्र लागतो, होडी नुसती पाहिली तरी लागतो, म्हणोन त्या न येता त्यांनी सांदणांचा डबा फौजेत रुजू केला. ताका गाव मागे पडले आणि रस्त्यात उंटांचा तांडा आडवा आला. जैनुद्दीनखानांनी हॉर्न वाजविला, उंटांनी ऐकिला आणि रवंथ चालू ठेविले. भिकाजीराव बोलणे करावयास खाली उतरले, हात हालविले, अरबीत बोलिले, हिंदीत बोलिले, मग मालवणीत जे बोलिले ते येथे लिहिण्याजोगे नाही. एका उंटाने मान लांब करोन त्यांची टोपी हुंगिली आणि त्यास ती पसंत पडली नाही. अखेर शीलाबाईंनी खिडकीतोन केळ्यांची एक फणी रस्त्याच्या कडेस टाकिली, आणि उंट आपली खंडणी घ्यावयास बाजूस गेले, आणि मार्ग मोकळा जाहला.

किनाऱ्यास येवोन तिघांनी बुडू न देणारी नारिंगी चिलखते चढविली, होडी पाण्यात लोटिली, इंजिनाने तिसऱ्या हाकेस ओ दिली, आणि शीलाबाई मांडीवर तिखल्याचे पातेले घेवोन मध्यभागी विराजमान जाहल्या. खोरच्या मुखाशी येताच दोघा सरदारांस सवयीने भूक लागली, आणि त्यांचे हात आपोआप डब्यांकडे गेले. तेव्हा शीलाबाईंनी झाकणावर हात ठेवोन फर्माविले जे, गलबत पाहिल्यावाचोन झाकण उघडणार नाही. सरदारांनी हात मागे घेतले आणि होडी प्रथमच मुख ओलांडोन आत शिरली.

आत पाणी हिरवे, शांत. कडेला बगळे उभे, आणि मधोमध ती शेंडी. दहाच्या सुमारास खाली काळी सावली दिसो लागली. भिकाजीरावांनी बरोबर तिच्यावर नांगर टाकविला आणि जाहीर केले जे, अजून दोन हात पाणी चढावयाचे आहे, तोवर सर्वांनी वाकोन यथेच्छ पाहावे. शीलाबाई वाकल्या. नांगराने तळची रेती उठलेली, पाणी गढूळ. त्यांस आपले तोंड दिसले, नारिंगी चिलखत दिसले, गलबत दिसले नाही. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले, आणि मग सरळ बसल्या, आणि काही बोलल्या नाहीत.

मग काही वेळाने शीलाबाई शेंडीकडे बोट करोन म्हणाल्या, "अवो, तो खांबो मगाशी एवढो नाय होतो."

भिकाजीरावांनी निर्णय दिला जे, खांब वाढत नसतात. इतक्यात होडीच्या बुडाशी धप्प ऐसा आवाज जाहला, सोलकढीच्या बाटल्या आडव्या जाहल्या, आणि शीलानूर किंचित डावीकडे कलोन स्वस्थ बसली. ती गलबताच्या पाठीवर बसली होती. पाणी चढत नव्हते, उतरत होते, आणि चांगल्या घाईने उतरत होते.

"मी काल पण बोल्लो तुला भिकू, तेरावाच चाँद आहे!" जैनुद्दीनखान कडाडले.

"चाँद तुजो तेरावो, मगे पाणी खंय गेला?" भिकाजीराव गर्जले.

आणि मग दोघांनी वल्ही लावोन होडी रेटिली, ती हालली नाही. आणि मग जैनुद्दीनखानांनी इंजिन चालू केले, त्याच्या पंख्याने तळचा चिखल उसळविला आणि भिकाजीरावांस डोक्यापासोन पायापर्यंत अभ्यंग घातले. आणि मग दोघेही थकोन बसले, आणि पुन्हा चतुर्दशी आणि तेरावा चाँद यांचे युद्ध सुरू जाहले, ज्यात दोन्ही पक्षांकडील मेलेली माणसे कामास आली.

ऐशा समयी खोरच्या मुखातोन एक होडी आत आली, आणि तीत बखीत, ज्यास दुसरे दिवशी शीलानूर ताब्यात घ्यावयाची होती. त्याने लांबूनच पाहिले की आपण घेत आहो ती होडी एका बुडालेल्या गलबताच्या माथ्यावर बसली आहे, आणि तीत एक चिखलाचा मनुष्य उभा आहे. तो जवळ आला, इंजिन बंद केले आणि थोडा विचार करोन, दोस्तास तिकडे सदीक म्हणतात तैसे म्हणोन, पुसिले, "सदीक, ये बोट कल मेरा?"

"कल तुम्हारा," भिकाजीराव क्षीण स्वरे बोलिले.

"तो आज ऊपर काय को रखा?"

तेव्हा देवगडाने श्रीवर्धनाकडे बोट केले आणि श्रीवर्धनाने देवगडाकडे. मग बखीताने मोठ्या मनाने सुचविले जे, तिघांनी माझ्या होडीत यावे, मी किनाऱ्यास पोहोचवितो, पाणी परत चढले की शीलानूर मी ओढोन आणीन, यल्ला, म्हणजे चला. भिकाजीरावांस हे फार मानवले. अब्रू तर गेलीच होती, निदान लवकर घरी जावे, आंघोळ करावी, आणि सोमवारपर्यंत कोणास तोंड दाखवू नये, ऐसा विचार करोन ते उठले, डबे उचलो लागले, आणि कुटुंबास म्हणाले की चल.

शीलाबाई उठल्या नाहीत.

"मी येवचंय नाय," त्या म्हणाल्या. "आत्ता खंय ता वर येताहा, आणि तुम्ही म्हणतास चल? जहाज बघूक इलंय, जहाज बघून जातलंय."

भिकाजीरावांनी समजाविले जे, वेळ फार लागेल, ऊन चढेल, आणि चिखल आहे, आणि सवयीने तोंडातोन निघोन गेले की पुढच्या—

"पुढचो शुक्रवार आता खंय आसा?" शीलाबाई म्हणाल्या. त्या रागाने बोलल्या नाहीत, नुसते पुसिले. जैनुद्दीनखान दुसरीकडे पाहू लागले. डबा हाती घेतलेल्या भिकाजीरावांस फार वाईट वाटले. मग त्यांनी डबा खाली ठेविला, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळिला आणि होडीच्या काठावरोन पाय बाहेर टाकिला. वास्तविक देवगडच्या या दर्यासारंगास पोहता येत नाही, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. खाली पाणी किती, फळ्या धड आहेत की कुजल्या, काही माहीत नाही. तरी खासा उतरले. पाणी मांडीइतकेच लागले. मग वल्ह्याने ठोकोन ठोकोन एक एक फळी पारखली, आणि जी भक्कम निघाली तिजवर उभे राहोन मागे वळले आणि शीलाबाईंपुढे हात केला.

तोवर गलबत स्वतःहून वर येत होते. आधी काठ निघाले, मग बरगड्यांसारखे वासे, मग कलती फळ्यांची जमीन. शिंपले चिकटलेले, शेवाळ लोंबते, जिकडे तिकडे खेकडे पळताहेत. शीलाबाई भिकाजीरावांचा हात धरोन उतरल्या आणि बुडालेल्या गलबतावर दोन पायांनी उभ्या राहिल्या. पाणी भरले असते तर त्यांस वाकोन एक सावली पाहावयास मिळती आणि परतावे लागते. परंतु ढोफारच्या दर्याने देवगडचे गणित मानले नाही, म्हणोन सारे गलबत त्यांच्या पायांखाली आले. याचे श्रेय पुढे भिकाजीराव आपल्याकडे घेतील, म्हणोन लेखक येथेच लिहोन ठेवितो की ते दर्याचे आहे.

मग तपास सुरू जाहला. भिकाजीरावांनी होकायंत्र शोधिले, जैनुद्दीनखानांनी घंटा शोधिली, कारण सरदारांस लूट पाहिजे असते. एकास बूट सापडला, त्यात खेकडा होता आणि तो घर सोडावयास राजी नव्हता. दुसऱ्यास कप्पी सापडली, ती उचलिता हातात तिचा भुगा आला. बखीत इकडे शीलानूरच्या भोवती फिरत होता. होडी विकत घेणारास तिचे बूड ऐसे उघडे, सावकाश पाहावयास कधी मिळत नाही. त्याने तळास हात फिरविला, बोटाने वाजविला, एक चीर नाही हे पाहिले आणि अति संतुष्ट जाहला, आणि त्याने मनात धरिले की या हिंदी लोकांनी मुद्दाम माल दाखवावयास ही तजवीज केली, मोठे सचोटीचे लोक.

शीलाबाई मात्र एकट्याच मागील अंगास गेल्या होत्या. तेथे काठाजवळ एक लोखंडी पेटी फळीस खिळलेली, आत विटा बसविलेल्या, वर भांडे ठेवावयास तीन खुंट. शीलाबाईंनी ओणवे होवोन आतील रेती हाताने काढिली. विटा काळ्या होत्या. इतकी वर्षे पाण्याखाली असोन काजळी गेली नव्हती.

"चूल आसा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "अवो, हंय कोण तरी रांधी होतो."

त्या चुलीपाशी पुष्कळ वेळ बसल्या. होकायंत्र आणि घंटा शोधणारे दोघे येवोन मागे उभे राहिले, आणि बाईसाहेबांस इतका आनंद कशाचा जाहला हे त्यांस नीट कळले नाही, परंतु जाहला होता, तो तोंडावर साफ दिसत होता. मग शीलाबाईंनी हुकूम केला जे, डबे येथे आणा. भिकाजीरावांनी आपण होवोन होडीकडे दोन खेपा केल्या आणि सारी रसद आणिली. तिखल्याचे पातेले शीलाबाईंनी त्या तीन खुंटांवर ठेविले, तेथे ते बरोबर बसले. आणि मग ओल्या फळीवर पंगत पडली, भिकाजीराव, जैनुद्दीनखान, बखीत, आणि घोट्यापर्यंत पाण्यात बसोन वाढणाऱ्या शीलाबाई. बखीताने तिखले चाखले, डोळ्यांत पाणी आणिले आणि आणखी मागितले.

तेव्हा भिकाजीरावांनी घावण्याचा तुकडा मोडला, आणि तो आपल्या तोंडात न घालिता तिखल्यात बुडवोन शीलाबाईंपुढे धरिला, आणि पुसिले की, तू शुक्रवारी दुपारी काय जेवायचीस. शीलाबाई म्हणाल्या, तुमचे डबे भरून जे उरायचे ते. एकटी? एकटी. चिखल वाळोन भिकाजीरावांच्या तोंडास तडे गेले होते, त्यांतोन काय ओघळले ते घाम होता की दुसरे, याचा निर्णय लेखक करीत नाही. शीलाबाईंनी तुकडा घेतला आणि म्हटले, "मीठ कमी पडला काय ओ?" सर्वांनी एकमुखे सांगितले की नाही.

दुपार कलता, अस्राच्या नमाजाच्या सुमारास, पाणी परत आले, कोणासही न पुसता, आपल्या वेळेस. चूल बुडाली, फळ्या बुडाल्या, शीलानूर हलकेच उठली. परतताना सुकाणू शीलाबाईंच्या हाती होते, जैनुद्दीनखान दिशा सांगत आणि त्या ऐकत नसत. भिकाजीराव पाठीमागे वाकोन समुद्राच्या पाण्यात पातेले घाशीत होते, आणि बुडाचे करपलेले निघत नव्हते, तरी घाशीत होते.

येणेप्रमाणे मिरबातेपलीकडील गलबताची मोहीम फत्ते जाहली. गलबत शीलाबाईसाहेब मोंडकर यांनी जातीने काबीज केले, तेथे अन्न शिजविल्यासारखे मांडिले, फौज जेवू घातली आणि गलबत जागच्या जागी ठेवोन परत आल्या. आपल्या पक्षाचे नुकसान एक झाकण आणि एक चप्पल. लूट काही नाही. हे लिहोन संपविताना दिवस नोंदवावा लागतो, तर चतुर्दशी होती की तेरावा चाँद, याविषयी दोघा सरदारांत सोमवारी विमानतळाच्या दारापर्यंत वाद चालला आणि मिटला नाही. तो शुक्रवार होता, याविषयी मात्र कोणाचाही वाद नाही.